साळुबाईच्या बाजूनं निकाल

भाऊबीजेला बहिणीच्या ताटात भाऊ काय घालतो? कोणी नोट घालतो, कोणी लुगडं, अगदीच हात आखडता असेल तर नारळ. शिनोलीच्या भिमाजीनं चौऱ्याण्णव सालच्या भाऊबीजेला आपल्या थोरल्या बहिणीच्या ताटात सात-बाराचा उतारा घातला. साळुबाईनं नुकतंच त्याला ओवाळलं होतं आणि निरांजन अजून तेवत होतं. उताऱ्यावर तिचं नाव होतं, पण त्याला कंस पडलेला होता. तलाठ्याच्या कागदावर नावाला कंस पडला म्हणजे ते माणूस त्या जमिनीतून उठलं. साळुबाईला वाचता येत नव्हतं. तिची नववीतली पोर भागू शेजारी बसली होती, तिनं ते वाचून सांगितलं.

साळुबाईनं मागितलं तरी काय होतं? तिचा नवरा त्याच वर्षी आखाडात गेला. पेठेला सासरची जमीन होती, पण कोरडी खडखडीत. पाऊस पडला तर बाजरी, नाही तर धसकटं. इकडं शिनोलीला बापाची तीन एकर, बापानंच स्वतःच्या कष्टानं घेतलेली आणि बापानंच विहीर खणलेली. धरणाचं पाणी आल्यापासून तर विहिरीला उन्हाळ्यातही चार पुरुष पाणी. तिनं आदल्या रात्री जेवताना भावाला म्हटलं होतं, विहिरीकडचा दहा गुंठ्यांचा तुकडा मला भाजीपाल्याला कसायला दे, नावावर करू नकोस. भिमाजी तेव्हा नुसता जेवत राहिला. सकाळी ताटात उतारा टाकून बोलला.

"आक्का, तुझा हितं काडीचा संबंध न्हाई. मागायचंच आसंल तर त्या कागदाला माग."

भावजय चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली. साळुबाईनं ताट खाली ठेवलं, निरांजन विझवलं, उतारा चौघडी करून कमरेला खोचला आणि दोन्ही पोरांना घेऊन पेठेची वाट धरली. वाटेत ती एकच वाक्य बोलली, की ह्याला मी ह्याच जमिनीत उभा चिरीन. संपत, तिचा थोरला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्यानं आईला गप बस म्हटलं. भागूनं आईचा हात धरला.

आता हा कंस पडला कसा, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी बापाचा तेरावा झाला, त्या दिवशी पंगत उठल्यावर भिमाजीनं तिला ओसरीवर बोलावलं. तिथं तलाठी भाऊसाहेब वही उघडून बसले होते. वारस लावायचेत, अंगठा दे, एवढंच भाऊ म्हणाला. रडून रडून डोळे सुजलेली बाई, तिनं शाईत अंगठा बुडवला आणि जिथं बोट दाखवलं तिथं टेकवला. वहीत लिहिलं होतं, की मी साडीचोळी घेऊन माझा हिस्सा राजीखुशीनं भावाला सोडला. तालुक्यात हजार बहिणींची नावं अशीच निघालेली. तलाठ्यापुढं जबाब, अंगठा, फेरफार मंजूर, संपलं काम. घोडेगावला रजिस्टर कचेरीत जाऊन स्टँप लावून दस्त करायचा खटाटोप कोण करतो? बहिणी काय कोर्टात जाणार आहेत थोड्याच, असा सगळ्यांचा हिशोब. भिमाजीचाही तोच होता, आणि तिथंच तो फसला. पण हे कळायला चौदा वर्षं जायची होती.

एक गोष्ट साळुबाई पुढं ज्याला त्याला सांगे. भावानं खरं सांगून हिस्सा मागितला असता तर मी दिला असता, म्हणे. माहेर तुटू नये म्हणून बायका देतातच. तिची आग हिश्शासाठी नव्हती, फसवल्याची होती. आणि त्याहून जास्त त्या ताटाची होती.

पंचाण्णवच्या संक्रांतीनंतर तिनं घोडेगावच्या कोर्टात दावा लावला. वकील होते थोरात. बारीक चणीचे, फारसं न बोलणारे, पण कागद वाचताना मांजरानं उंदराकडं बघावं तसे बघणारे. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, मावशी, ह्यात तुमची उरलेली उमर जाईल. साळुबाई म्हणाली, जाऊ द्या, त्याची बी जाईलच की. वकीलपत्रावर अंगठा उमटवायला तिनं साफ नकार दिला. महिनाभर भागूकडून आपलं नाव गिरवून घेतलं, आणि मग वेडीवाकडी का होईना, सही करूनच दावा दाखल केला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. साळुबाई शहाणी नव्हतीच, ती चिडलेली होती, आणि चिडलेल्या माणसाला पायऱ्या मोजायचा कंटाळा येत नाही. तारखेच्या दिवशी ती पहाटे भाकऱ्या थापायची, फडक्यात बांधायची आणि भागूला घेऊन एसटीनं घोडेगाव गाठायची. संपत चाकणला एका कारखान्यात लागला होता. खाडा पडला की पगार कापतात म्हणून तो कधीच आला नाही. भागू मात्र दर तारखेला. कागद वाचायचा कोणी? भागूनं. पुढची तारीख लिहून घ्यायची कोणी? भागूनं. त्यापायी तिची दहावी राहिली ती राहिलीच. मास्तर एकदा घरी सांगायला आले, तर साळुबाई त्यांना म्हणाली, पोरगी कोर्टात शिकतीय ते तुमच्या शाळेत न्हाई.

दावा नुसता लावून ती स्वस्थ बसली असती तर ती साळुबाई कसली. भिमाजीनं द्राक्षाचा बाग लावायचं मनात घेतलं आणि सोसायटीकडं कर्जाला अर्ज केला. हिनं वकिलाकडून सोसायटीला नोटीस धाडली, की जमीन वादात आहे. कर्ज बारगळलं. भिमाजीनं रस्त्याकडचा तुकडा विकायला काढला, तर हिनं मनाई हुकूम आणला. त्याच्या मुलाला, सुदर्शनला मुलगी बघायला सुरुवात झाली तेव्हा तर कहर केला. नारायणगावकडचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं. साळुबाई दोन एसट्या बदलून त्या पाहुण्यांच्या दारात गेली, चहा प्यायली आणि सहज म्हणावं तसं म्हणाली, पोरगा निर्व्यसनी हाय, फक्त जमिनीचा कोर्टात निकाल लागायचाय. सोयरीक मोडली. दुसरंही स्थळ तिनं असंच उठवलं. गाव म्हणालं, भाच्याचा काय गुन्हा? साळुबाई म्हणाली, माझ्या भागूचा काय व्हता?

भिमाजीही काही कमी नव्हता. नव्व्याण्णवला भागूचं लग्न डिंभ्याच्या एका मासेमारी सोसायटीतल्या पोराशी ठरलं. लग्नात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. साळुबाईनं रीतीप्रमाणं पत्रिका आणि सुपारी धाडली. भिमाजीनं ती आल्या माणसाच्या हाती परत पाठवली. मांडवात माइकवाल्यानं नेहमीसारखा पुकारा केला, की नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. सगळ्या माना साळुबाईकडं वळल्या. साळुबाईनं माइकवाल्याला हाक मारून काहीतरी सांगितलं, आणि त्या बापड्यानं तसंच जाहीर केलं, की नवरीचे मामा कोर्टाच्या तारखेला गेलेले आहेत, त्यामुळं नवरीला तिची आई आणत आहे. लोक पोट धरून हसले. विधवा बाईनं नवरीला हाताला धरून पाटावर उभं केलं, आणि कोणाची बोलायची टाप नव्हती. भागू मात्र अंतरपाटामागं रडत होती. साळुबाईला वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय.

लग्नानंतरही भागू तारखा चुकली नाही. डिंभ्याहून एसटीचा काही नेम नसे. आली तर आली, नाही तर ती जीपची वाट बघत उभी राही, कधी शिनोलीपर्यंत चालत येई. पोटात पोर असतानाही आली. सासू बोलायची, नवरा धुसफुसायचा, तर म्हणायची, आईला वाचता येत नाही हो.

दोन हजार साली घोडेगावच्या कोर्टानं दावा काढून टाकला. जबाबावर अंगठा आहे, अंगठा नाकारलेला नाही, दोन वर्षं तक्रार केली नाही, सबब बाईनं हिस्सा सोडला असंच धरावं लागतं. भिमाजीनं त्या संध्याकाळी शिनोलीत फटाके वाजवले आणि वर्षाच्या आत विहिरीजवळ स्लॅबचं घर बांधायला काढलं. पुण्याच्या जिल्हा कोर्टात अपील केलं, तिथंही चार वर्षांनी तेच. आता मात्र संपतनं हात जोडले. तो म्हणाला, आई, लोक हसतात, सोड आता. साळुबाईनं गळ्यातली बोरमाळ काढून थोरात वकिलांच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, ह्याच्या वर कुठलं कोर्ट असतं?

वर हायकोर्ट होतं. थोरातांनी मुंबईतल्या एका ओळखीच्या वकिलाकडं कागद सोपवले. अपील दाखल झालं, आणि मग चार वर्षं काहीच झालं नाही. आठ सालच्या दिवाळीआधी निरोप आला, की केस बोर्डावर लागतेय, यायचं असेल तर या.

मायलेकी गेल्या. उंच छत, काळे कोट, आणि सगळा कारभार इंग्रजीत. मागच्या बाकावर वकिलांचा एक मदतनीस त्यांच्याजवळ बसला होता, तो हळू आवाजात मराठीत सांगत होता. आधी एका शिक्षकाच्या विधवेची पेन्शन निघाली. बारा वर्षं अडकलेली, मंजूर झाली. मग कामावरून काढलेल्या कंडक्टरचं प्रकरण, ते फेटाळलं. मग एका चाळीतला भाडेकरू, मग कुठल्याशा देवस्थानाचे विश्वस्त एकमेकांवर उठलेले. एकाचं दहा मिनिटांत, एकाचं पाच मिनिटांत. साळुबाई टक लावून बघत होती. प्रत्येकाचा एक एक भिमाजी हाय गं, ती भागूच्या कानात म्हणाली, आणि तिला फार बरं वाटलं.

मग तिचा पुकारा झाला. न्यायमूर्तींनी भिमाजीच्या वकिलाला एकच प्रश्न विचारला. बाईनं हिस्सा सोडला म्हणता, तर सोडल्याचा नोंदणी झालेला दस्त कुठाय? वकिलानं फेरफार दाखवला. न्यायमूर्ती म्हणाले, फेरफार हा सरकारचा सारा कोणाकडून घ्यायचा ते सांगणारा कागद. त्यानं कोणाचा हक्क जातही नाही आणि येतही नाही. तलाठ्यापुढं जबाब देऊन जमीन सुटत नसते. रजिस्टर दस्त नाही म्हणजे हक्कसोड नाही, आणि हक्कसोड नाही म्हणजे बहीण आजही निम्म्याची मालक. खालचे दोन्ही निकाल रद्द. वाद चालू असताना ज्यानं घर बांधलं, त्यानं ते आपल्या जबाबदारीवर बांधलं. मदतनिसानं हे सांगितलं तेव्हा साळुबाईनं दोनदा विचारलं, निम्मं म्हणजे विहीर धरून का? तो म्हणाला, विहीर धरून.

वाटप करायला तहसीलचा हुकूम आणि मोजणी व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. मोजणीदार टेबल मांडून बसला, साखळी पडली, आणि दीड एकराच्या हद्दीवर दगड रोवायचं काम सुरू झालं. भिमाजीचं घर थोडक्यात वाचलं, पण अंगण गेलं आणि विहीर साळुबाईच्या भागात आली. विहिरीचं पाणी दोघांनी निम्मं निम्मं, चार चार दिवसांच्या पाळीनं घ्यायचं ठरलं. दगड रोवताना साळुबाई जातीनं उभी होती. भिमाजी आता साठीला टेकलेला, दम्यानं वाकलेला. तो उंबऱ्यावर बसून बघत होता. शेवटचा दगड त्याच्या अंगणाच्या मधोमध आला, तेव्हा ती म्हणाली, नीट ठोका, हलायला नको.

त्या उन्हाळ्यात तिनं जे सुख भोगलं ते तिला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. विहिरीवर पत्र्याची खोली घालून ती शिनोलीतच राहिली. त्याच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी सहाच्या ठोक्याला ती स्टार्टरपाशी उभी असे, आणि भावाच्या कांद्याचे दोन वाफे राहिलेले असले तरी लाल बटण दाबून मोटार बंद करी. लोडशेडिंगमुळं त्याची पाळी वाया गेली, तर तिला वाईट वाटायचं नाही. सुदर्शन एकदा म्हणाला, आत्या, अर्धा तास फक्त. ती म्हणाली, कागदाला माग.

इथंच ती थांबली असती तर ही गोष्ट सुडाची म्हणून पुरी झाली असती. पण सुंभ जळतो, पीळ जळत नाही. आणि तो दोघांचाही तसाच होता. एका सकाळी भिमाजी काठी टेकत हद्दीच्या दगडापर्यंत आला आणि पलीकडूनच बोलला.

"घे, खा. पर ध्यानात ठेव आक्का, बाईच्या नावची जमीन एका पिढीची. तू मेलीस का तुझी लेक वाटा मागंल, जावई इकून मोकळा व्हईल. माझं सुदर्शनच्या नावानं एकठोक राहील. आन् तुझं कोण घेईल? मीच घेईन."

 ते वाक्य साळुबाईच्या पोटात पडून राहिलं. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. भिमाजी मरायच्या आत त्याला दिसलं पाहिजे, की ह्या जमिनीवर माझ्या पोराचं नाव लागलंय, त्याच्या पोराच्या शेजारी, न तुटणारं. तिला दुसरं काही दिसेना. तिसऱ्या दिवशी ती घोडेगावला थोरात वकिलांकडं गेली आणि म्हणाली, सगळं संपतच्या नावानं करायचंय, आणि असं करा की कुणाच्या बापाला मोडता येऊ नये. जबाब नको, फेरफार नको, रजिस्टर पाहिजे.

थोरातांनी बक्षीसपत्राचा मसुदा सांगितला. मग पेन खाली ठेवून म्हणाले, भागूला विचारलंत का? साळुबाईला तो प्रश्नच कळला नाही. तिला काय विचारायचं, ती म्हणाली, ती माझीच हाय. उलट साक्षीदार म्हणून तिचीच सही घ्या. माझ्या केसची तिच्याइतकी माहिती तुमालासुद्धा न्हाई. वकिलांनी पेन पुन्हा उचललं.  अशिलाच्या घरात किती शिरायचं, ह्याची वकिलांनी ठरवलेली एक हद्द असते.

मंगळवारी भागू आली. डिंभ्याची एसटी चुकली होती, ती घामानं डबडबली होती, पोराला सासूकडं ठेवून आलेली. सवयीनं तिनं भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. तिला वाटलं होतं, भिमाजीमामानं पुन्हा काही अर्ज केला असेल. रजिस्टर कचेरीच्या व्हरांड्यात संपत नव्या शर्टात उभा होता, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच रजा टाकून. साळुबाईनं मोठ्या अभिमानानं स्टँपचा कागद लेकीपुढं धरला आणि नेहमीसारखं म्हणाली, वाच.

भागूनं वाचला. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, जसे सगळे कागद वाचत आली तसाच. मी लिहून देणार साळुबाई, माझा मुलगा संपत यास, निव्वळ प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, कायमचे बक्षीस देत आहे. ह्यावर माझा किंवा माझ्या इतर कोणत्याही वारसाचा हक्क उरलेला नाही. इतर कोणत्याही वारसाचा, इथं ती जराशी अडखळली. पुढं चतुःसीमा होत्या, त्याही वाचल्या. पूर्वेस विहीर धरून ओढा, पश्चिमेस भिमाजी यांचं घर. संपत भिंतीवरची पाटी वाचत उभा होता. वाचून झाल्यावर भागूनं साक्षीदाराच्या जागी सही केली आणि अंगठाही दिला, कारण तिथं सगळ्यांचाच घेतात.

बाहेर स्टँडवर साळुबाई हसत होती. आता बघू दे त्याला सात-बारा, म्हणाली. भाकरी सोड, भूक लागलीय. भागूनं फडकं तिच्या हातात दिलं, पण बसली नाही.

"आई, मामानं तुला निदान फसवून घेतलं. मला फसवायची बी तुला गरज वाटली न्हाई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. डिंभ्याकडची जीप भरत होती, त्यात ती बसली.

साळुबाईला पहिल्यांदा राग आला. माझ्या पोटची आणि माझा हिशोब करते. ह्या सगळ्याला तिच्या सासूची फूस असणार, असंही तिनं ठरवून टाकलं. महिन्याभरात फेरफार झाला, सात-बाऱ्यावर संपतचं नाव लागलं, आणि उतारा घेऊन ती भिमाजीच्या उंबऱ्यावर गेली. त्यानं चष्मा लावून तो वाचला. तो चिडेल, शिव्या देईल, खोकत खोकत का होईना तडफडेल, ह्याची ती वाट बघत होती. भिमाजीनं उतारा परत दिला आणि म्हणाला, बरं केलंस आक्का, मी बी हेच केलं असतं. एवढं बोलून त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितला. साळुबाई चहा न घेता परतली, आणि त्या रात्री तिला पहिल्यांदा झोप आली नाही.

दिवाळीला भागू आली नाही. भाऊबीजेला संपत ओवाळून घ्यायला डिंभ्याला गेला, साडी घेऊन. भागूनं त्याला ओवाळलं, जेवू घातलं आणि साडी तशीच त्याच्या पिशवीत परत ठेवली. मग साळुबाई स्वतः गेली. भागूनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला, चहाबरोबर पोहे केले, शेजारणीला ओळख करून दिली की माझी आई आलीय. सगळं रीतीनं, पाहुणीचं करावं तसं. साळुबाईनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा भागू म्हणाली, आणखी पोहे घे. निघताना तिनं वेळेवर गाडी मिळेल ना विचारलं. आता मी कधी येऊ, असं तिनं पंधरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं नाही.

त्या रात्री पेठेच्या घरी साळुबाईनं संपतला म्हटलं, निम्मी भागूच्या नावानं कर. संपत वाईट मुलगा नव्हता. आईला त्यानं कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, तेव्हाही दिलं नाही. त्यानं शांतपणे समजावलं, की आई, आता कागद झालाय. तुकडे पडले तर मामा हसेल. भागूला आपण पुढच्या वर्षी चांगली पैठणी घेऊ.

दुसऱ्या दिवशी ती थोरात वकिलांच्या टेबलासमोर जाऊन बसली. एकटी. कागदाची पिशवी तिच्या मांडीवर होती, आणि त्यातला कोणता कागद कोणता, हे तिला सांगता येत नव्हतं. बक्षीसपत्र मोडायचंय, ती म्हणाली.

थोरातांनी विचारलं, संपत सांभाळत नाही का? सांभाळतो, ती म्हणाली, दोन वेळा ताट देतो. मारतो, शिव्या देतो? न्हाई. सही जबरदस्तीनं घेतली? न्हाई. काय लिहिलंय ते माहीत नव्हतं? माहीत व्हतं, ती म्हणाली, भागूनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मग नाही मोडत, मावशी. रजिस्टर दस्त आहे, साक्षीदार आहेत. तुम्हीच सांगितलं होतं, मोडता येऊ नये असं करा."

"हायकोर्टात जाऊ. मला जायला येतं."

"हायकोर्टात संपतचा वकील तुमचाच निकाल काढून दाखवील. साळुबाई विरुद्ध भिमाजी. रजिस्टर दस्तानंच हक्क जातो, असं त्यातच लिहिलंय."

 बाहेर शिपाई कोणाकोणाच्या नावाचा पुकारा करत होता, आणि दर पुकाऱ्याला साळुबाई सवयीनं मान वर करत होती. मग ती पुढं झुकली आणि अगदी कामाचं विचारावं तसं तिनं विचारलं.

"मंग आता दावा कुणावर लावायचा?"

थोरातांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, मावशी, पेठेची गाडी साडेबाराला आहे, ती चुकवू नका.